तासाला एक बोट

१

"खड्डा कुंपणापासून बारा फूट लांब घ्या. उद्या तुमच्या तळ्यात माझं पाणी आलं, तर माझ्या नावाने खडे फोडू नका."

शेजारच्या गणिताच्या बाई कुंपणावरून असं म्हणाल्या होत्या. तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. बारा फुटांवर खड्डा घेतला तर तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत नव्हता. मध्ये घराचा कोपरा येत होता. आणि जे खिडकीतून दिसत नाही ते आपल्या अंगणात नको, ही तिची पहिली अट होती. घरात दीड वर्षाची मुलगी असली की अटी आपोआप सुचतात. खड्डा पाच फुटांवर घेतला.

बुधवारी सकाळी सात वाजता त्या खिडकीतून तिला खड्ड्यात आभाळ दिसलं.

ते दिसायला नको होतं. खड्डा सोमवारी खणून झाला होता. त्यात अजून वाळू पसरायची होती, वर प्लास्टिकचा जाड कागद अंथरायचा होता, काठाला दगड लावायचे होते. पाणी ही सगळ्यात शेवटची गोष्ट. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

ती ठकूला कडेवर घेऊन बाहेर आली. ठकू म्हणजे तिची ती दीड वर्षाची मुलगी. काठावरून पाहिलं तर पाणी चांगलं पोटरीच्या वर होतं, स्वच्छ, आरशासारखं. कडेवरची ठकू दोन्ही हात पुढे करून कमरेतून वाकली आणि आनंदाने ओरडली, "बुडुक!"

ती दोन पावलं मागे सरकली.

असं दुसऱ्यांदा होत होतं. मंगळवारी दुपारी खड्ड्याच्या तळाशी चार बोटं पाणी निघालं होतं. सासरे सकाळी टोमॅटोच्या वाफ्यांना रबरी नळीने पाणी देतात, नळी वाहती राहिली असेल, असं म्हणून तिने आणि सासऱ्यांनी ते बादल्यांनी उपसून टाकलं. "मी नळ बंद केला होता," असं सासरे गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते. तेही तिने कानाआड केलं होतं.

आता चार बोटांचं पोटरीभर झालं होतं, आणि सासऱ्यांनी आज नळीला हातसुद्धा लावला नव्हता. ती कालपासून आत गुंडाळून ठेवलेली होती.

नवरा दात घासत बाहेर आला आणि ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिला.

"संध्याकाळपर्यंत हे पाणी कुठून येतं आणि कोण सोडतं ते मला कळलं पाहिजे," ती म्हणाली. "नाही कळलं, तर उद्या खड्डा बुजवायचा. न कळणारं पाणी आणि ही मुलगी एका अंगणात राहणार नाहीत."

नवऱ्याने फेस थुंकला. आठ महिने तो चौकटीच्या कागदावर त्या तळ्याची चित्रं काढत होता.

"कोण सोडणार? डोळे मिटून सांगतो," तो म्हणाला, आणि हनुवटीने कुंपणापलीकडे दाखवलं.

पलीकडे बाईंचं घर शांत होतं. बाथरूमच्या छोट्या दुधी खिडकीत दिवा तेवढा लागलेला होता.

२

तळ्याचं खूळ नवऱ्याचं. तिने ते मोडून काढायचा प्रयत्न केला आणि मोडत नाही म्हटल्यावर त्याला अटींनी बांधून टाकलं.

महिन्यापूर्वी एका रविवारी दोघांनी अंगणात रबरी नळी पसरून तळ्याचा आकार ठरवला होता. नळी इकडे सरकव, तिकडे वळव, गच्चीवरून बघ, खाली येऊन बघ. नवऱ्याला राजमा हवा होता, म्हणजे राजम्याच्या दाण्यासारखा आकार. सासरे खुर्चीतून म्हणाले, "मला तर काळीज दिसतंय. माझं. एवढा खर्च ऐकून आकसलेलं." शेवटी नळीच्या कडेने पांढरी फक्की टाकली आणि आकार ठरला: बारा फूट लांब, आठ फूट रुंद.

खोलीवरून मात्र आठवडाभर घरात धुसफूस चालली. नवरा म्हणे तीन फूट, नाहीतर उन्हाळ्यात मासे उकडतील. ती म्हणे दोन, आणि भोवताली हातभर रुंद, वीतभर खोल पायरी. पोर पडलंच तर पायरीवर उभं राहील. दोन ठरले. पण नवरा 'ठरले' असं ज्या आवाजात म्हणाला, तो आवाज तिने लक्षात ठेवला होता.

खणायला आला मुकादम. त्याचं तोंड फावड्यापेक्षा जास्त चालायचं, पण काम चोख. खणताना त्याने मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच सोडला, वर गवताच्या टोपीसकट.

"हा काय विसरलात का?" तिने विचारलं होतं.

"विसरतोय कशाला, वहिनी? ही साक्ष. जमीन आधी कुठवर होती ते हिच्या डोक्यावरून कळतं. वरून खालपर्यंत मोजा, किती खणलं ते बाहेर पडतं. मोजून होईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही. नाहीतर तुम्ही म्हणाल दीड खणलं, मी म्हणेन तीन, आणि दोघांचंही खरं."

ती साक्ष अजून मोजलेली नव्हती. आणि आता ती पाण्यात उभी होती. मातीचा खुंट, दोन दिवसांत विरघळून जाईल. मग खड्डा दोन फूट की तीन, हे कुणीच सांगू शकणार नाही. पाणी भरण्यात कुणाचा फायदा, या प्रश्नाला हे एक उत्तर तिला मिळालं, आणि ते तिच्या शेजारी ब्रश घेऊन उभं होतं.

बाईंबद्दलचं उत्तर तर सगळ्यांनाच माहीत होतं. रविवारी कुंपणाशी जे झालं ते गल्लीने ऐकलं होतं.

गणिताच्या बाई तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्या राहायच्या. ठिबकणाऱ्या नळाखाली वाटी ठेवायच्या, भांडी विसळलेलं पाणी कुंडीला घालायच्या, आणि गल्लीत कुणाचा दिवसा दिवा दिसला तर दार वाजवून सांगायच्या. रविवारी त्या आधी बारा फुटांचं बोलल्या, मग म्हणाल्या, "एवढं पाणी नुसतं बघायला? आणि पोरीवर लक्ष कोण ठेवणार? तू? गुरुवारी ती फाटकाबाहेर गेली होती. मी आणून दिली."

हे खरं होतं. म्हणूनच झोंबलं. ती मुलगी किती वाजता दूध प्यायली, किती वाजता झोपली, किती वाजता शिंकली, हे वहीत लिहून ठेवणारी आई. तिला 'तुझं लक्ष नाही' म्हणणं म्हणजे वर्मावर बोट.

"तुम्ही तुमचं बघा," ती म्हणाली होती, "आम्ही आमचं बघू."

तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला होता.

३

नऊ वाजता तिने घरातल्यांची झडती घेतली. आधी सासरे.

"बाबा, रागवू नका. तुम्हाला तिथे भाजी लावायची होती ना?"

"होती. अजून आहे. पण भाजीच्या जागेत पाणी भरून भाजी येते का? मी काय बदक आहे?" सासरे म्हणाले. "आणि कालपासून मला चोर ठरवलंयत ते राहिलंच. नळी मी सहाला बंद केली, गुंडाळली, आत ठेवली. कुणी ऐकायला तयार आहे?"

"मी ऐकतेय."

"एक दिवस उशिरा ऐकतेयस."

मग नवरा.

"तुला तीन फूटच हवे होते."

"हवे होते. म्हणून मी पहाटे उठून बादल्या ओतल्या? मी? ऑफिसची गाडी चुकते तरी मला जाग येत नाही." त्याने तोंड पाडलं. "तू माझ्यावर संशय घेतेस, आणि ज्यांनी तोंडाने सांगितलं, 'तुमच्या तळ्यात माझं पाणी येईल', त्यांना विचारायला कुणी जात नाही."

"जा की तू."

"मी? त्यांनी मला सातवीत बाकावर उभं केलं होतं. आठवडाभर. तू जा."

"मी मेले तरी जाणार नाही," ती म्हणाली.

घरात येणारं पाणी जिथून येतं, त्या फाटकाजवळच्या मीटरपाशी ती गेली. सगळ्यांना अंगणात उभं केलं. घरातला एकूण एक नळ बंद. मीटरची लाल चकती निपचित पडली होती. म्हणजे घराच्या नळांतून थेंबही जात नव्हता.

ती खड्ड्यात उतरली, गुडघ्यापर्यंत पायजमा वर करून. पाणी गार होतं. तिने आधी साक्ष नीट पाहिली. टोपीवरचं गवत कोरडं, पिवळं, तसंच उभं. वरून पाणी ओतलं असतं, नळी धरली असती, तर गवत आडवं झालं असतं, मातीला घळी पडल्या असत्या. काठावर मुकादमाने फक्कीची बारीक रेघ ठेवली होती, ती कुठेही पुसली नव्हती. वरून काही आलेलंच नव्हतं.

तिने ठकूच्या रंगपेटीतला लाल खडू काढला आणि साक्षीच्या अंगात पाण्याला टेकवून आडवा खोचला. वहीत लिहिलं: '९.२०. लाल.'

तासाभराने सासरे, नवरा आणि ती पुन्हा काठावर जमले. कुणी कुठे गेलं नव्हतं. कुणी काही ओतलं नव्हतं. मीटर बंद.

लाल खडू पाण्याखाली गेला होता. वर बरोबर एक बोट पाणी.

"आई गं," नवरा हळूच म्हणाला. "हे आपोआप चढतंय."

४

मुकादम अकराला आला. आल्या आल्या ती त्याच्यावर घसरली, कारण कालपासून ती ते मनात धरून होती.

"मुकादम, एक सांगायचं राहिलं. दुपारी दोनच्या आत खुंट्या ठोकत जाऊ नका. काल पावणेदोनला ठकू दचकून उठली. तीन ठोके, मग गप्प, मग परत तीन. मी वहीत लिहून ठेवलंय."

"काल?" मुकादम म्हणाला. "काल मी आलो कुठे होतो, वहिनी? काल पलीकडच्या वस्तीत पाया घेत होतो. दिवसभर."

तिने वहीतली वेळ पुन्हा पाहिली. पण मुकादमाचं लक्ष खड्ड्याकडे होतं. त्याने चप्पल काढली, आत उतरला, टेप लावला.

"बोला. साक्ष अजून उभी आहे तोवर ऐकून घ्या. डोक्यापासून पायापर्यंत चोवीस इंच. दोन फूट. ना एक कमी, ना एक जास्त."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली. एक संशय धुतला गेला.

"आता ही भिंत बघा," मुकादम म्हणाला. त्याने खड्ड्याच्या चारी बाजूंवरून हात फिरवला. तीन बाजूंची माती पाण्याच्या वर कोरडी, फटफटीत. चौथी, बाईंच्या कुंपणाकडची, पाण्याच्या वर वीतभर काळी ओली. तिने बोट लावलं. बोटाखालून पाण्याचा बारीक मणी फुटला आणि ओघळला.

"वर मुरूम आहे, खाली चिकणमाती. पाणी मुरमातनं वाट काढतं आणि चिकणमातीवर येऊन बसतं. हे तिकडनं येतंय. कुंपणापलीकडे बाईंचा शोषखड्डा आहे, बाथरूमचं पाणी जिरवायचा. तुमच्यापेक्षा उंचावर." त्याने ओला हात झटकला. "पण त्याचं एवढं पाणी यायचं कारण नाही. एका माणसाची आंघोळ, ती पण बाईंची! अर्ध्या बादलीत होते. तो शोषखड्डा मी गेल्या साली उघडला होता. ठणठणीत कोरडा."

"बघ!" नवरा म्हणाला. "मी काय सांगत होतो? मुद्दाम नळ सोडून ठेवलाय. बारा फूट घेतलं नाही म्हणून. आपलं तळं होऊ नये म्हणून."

"घरातच आहेत," सासरे म्हणाले. "दिवा बघ की. बाराच्या उन्हात दिवा. रागाने माणूस सगळं विसरतो, स्वतःचे नियमसुद्धा."

सगळ्यांनी दुधी खिडकीकडे पाहिलं. पिवळा चौकोन. तो त्यांना रागाचा वाटला.

तिला मात्र आता काहीतरी खटकायला लागलं होतं. उत्तर बरोबर येतं आणि तरी एक आकडा हातात उरतो, तसं.

"थांबा," ती म्हणाली. "बाई पाणी वाया घालवतील?"

"रागात..."

"ठिबकणाऱ्या नळाखाली वाटी ठेवणारी बाई. आपली जिरवण्यासाठी त्या नावं ठेवतील, पत्रं लिहितील, नगरपालिकेत जातील. पण नळ सोडून बसतील? आवाज ऐकत? आपल्या आधी त्याच वेड्या होतील."



ती वही उघडून काठावरच बसली. ठकूच्या वहीत जगातलं सगळं असायचं, कारण ठकूला सगळ्याने जाग यायची. तिने पान मागे उलटलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"मंगळवार. पाच चाळीस: शेजारचा बाथरूमचा दिवा लागला, उजेड पाळण्यावर, ठकू उठली. पडदा ओढला." तिने बोट खाली सरकवलं. "मंगळवार, दुपारी एक पन्नास: ठोकण्याने उठली. मंगळवार, रात्री आठ: पडदा ओढूनही उजेड येतो, जाड पडदा शिवणे. आज, पाच दहा: उजेड." ती वाचायची थांबली. "दिवा मालवल्याची नोंद नाही. एकदाही नाही."

"तू लिहायला विसरली असशील," नवरा म्हणाला.

"मी?"

हे त्यालाही पटलं नाही.

"तासाला एक बोट," ती म्हणाली. आता तिचा आवाज वर्गात उत्तर सांगणाऱ्या मुलीसारखा सरळ झाला होता. "माणूस मुद्दाम पाणी सोडतो तेव्हा सोडतो, बंद करतो, झोपतो. हे कुणी हात न लावलेलं पाणी आहे. नळ काल पावणेसहाला सुरू झाला आणि नंतर कुणी उठून बंद केला नाही. दिवाही कुणी उठून मालवला नाही. आणि काल दुपारी मुकादम इथे नव्हते, तर तीन-तीन ठोके कोण देत होतं?"

मुकादमाच्या हातातला टेप सर्रकन आत गुंडाळला गेला.

"बाई रुसलेल्या नाहीत," ती उठत म्हणाली. "बाई उठू शकत नाहीयेत."

तिने ठकूला सासऱ्यांच्या हातात दिलं. सबंध दीड वर्षात 'नीट धरा हं' असं न म्हणता दिलेली ही पहिलीच वेळ.

५

दार आतून बंद. हाका मारल्या. आतून फक्त पाण्याचा आवाज. कुंड्यांतली रोपं माना टाकून बसली होती. तीही दोन दिवस कुंपणापलीकडून सगळ्यांना दिसत होतीच.

नवरा स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज हलवत बसला. मुकादमाने त्याला बाजूला सारलं, पहारेने कडी उचकटली आणि मागचं दार उघडलं. बाथरूमची कडी आतून लावलेली नव्हती. एकट्या माणसाने ती लावायची नाही, हा बाईंचा नियम.

बाई फरशीवर भिंतीला टेकून अर्धवट आडव्या होत्या. एक पाय भलत्याच कोनात. दांडीवरचे तिन्ही टॉवेल ओढून अंगाखाली घेतलेले. हाताशी पितळेचा तांब्या, पार चेपलेला. भिंतीतला खालचा नळ करंगळीएवढ्या धारेने वाहत होता. ओठ पांढरे पडले होते, पण डोळे टक्क उघडे होते आणि ते थेट तिच्याकडे लागले.

"किती चढत होतं?" बाईंनी विचारलं. आवाज कसला, नुसता वारा.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तासाला एक बोट."

"मग एवढा वेळ का लावलास? सोपं होतं." बाईंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "आणि तू. उभा काय राहिलास? आधी तो नळ बंद कर."

नवऱ्याने बंद केला. सातवीतल्या मुलाच्या चपळाईने.

६

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर काही सांगता आलं नसतं. जवळ प्यायला पाणी होतं म्हणून इथवर टिकल्या.

तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या. खाटेशेजारच्या नळाचं टपटपणारं पाणी ऐकून त्यांनी नर्सला दोनदा बोलावलं होतं.

"बाई, एक विचारू? नळ तुमच्या हाताला येत होता."

"येत होता."

"म्हणजे तुम्ही बंद करू शकत होता."

"पडल्यावर पहिली गोष्ट तीच करणार होते," बाई म्हणाल्या. "हात पुढे केला. मग विचार केला. हाक मारली तर तीन भिंती आणि एक बंद खिडकी. फोन बाहेरच्या खोलीत. मुलगी फोन करते रविवारी. रविवारला पाच दिवस. दाराशी कोण येईल? कुणी नाही. शेजारी? शेजाऱ्यांशी माझा अबोला." त्यांनी पाठीमागची उशी सरळ केली. "पण माझा शोषखड्डा तुमच्या खड्ड्याच्या डोक्यावर, मधे सहा-सात फूट मुरूम. मीच तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा म्हटलं, आपण जाऊ शकत नाही, तर पाणी जाऊ दे. दुपारपर्यंत पोचायला हवं."

"पोचलं."

"माहीतेय. तुझे सासरे ओरडत होते ते ऐकलं मी, 'मी नळ बंद केला होता' म्हणून. म्हटलं, चला, पत्र मिळालं." बाईंच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "आणि मग बादल्यांचा आवाज आला. मी पत्र पाठवलं, आणि तू ते न वाचता उपसून टाकलंस."

 तिने बाईंच्या पांघरुणाची घडी सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"तीस तास नळ वाहिला," बाई पुटपुटल्या. "कितीतरी हजार लिटर. त्याचा हिशेब कुणी केलाय का?"

"नाही."

"नको करूस. मला झोप लागायची नाही."

७

पाच फुटांवरचा खड्डा बुजवला. नवऱ्याने नवीन चित्र काढलं, नळी पुन्हा अंगणात पसरली, फक्की पुन्हा पडली. या वेळी कुंपणापासून बारा फुटांवर. मुकादमाने पुन्हा मधोमध साक्ष सोडली, आणि या वेळी ती सगळ्यांदेखत पहिल्याच दिवशी मोजली. दोन फूट. पायरी वीतभर. पाण्याच्या एक बोट खाली लोखंडी जाळी, सासऱ्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतलेली. बुजवलेल्या जागी टोमॅटो.

नवीन तळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत नाही. तिची पहिली अट मोडली. पण ते बाईंच्या बैठकीच्या खिडकीतून स्पष्ट दिसतं, आणि बाई आता काठी घेऊन दिवसभर त्या खिडकीतच बसलेल्या असतात. ठकू काठाच्या तीन फूट जवळ गेली की पलीकडून काचेवर काठी वाजते. तीन ठोके.

ठकूची वही चालू आहे. त्यात एक रकाना वाढलाय. रोज सकाळी: 'बाई: दिवा लागला.' आणि थोड्या वेळाने, त्याच्या खाली: 'मालवला.' दुसरी नोंद होईपर्यंत तिचा चहा निवून जातो, पण ती खिडकी सोडत नाही.

मंगळवारचं ते पान मात्र ती अजून अधूनमधून उघडते. सगळं त्यात होतं. दिवा होता, ठोके होते, पाणी होतं. तिने एकही गोष्ट लिहायची सोडली नव्हती. फक्त कुंपणापलीकडे जाऊन बघितलं नव्हतं, कारण तसं ठरलं होतं.

ही गोष्ट तुम्ही इथवर वाचली असेल, तर तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. पुस्तक उपडं ठेवा आणि उठा. तुमच्या भिंतीपलीकडे, जिन्याखाली, समोरच्या दारात कुणीतरी एकटं राहतं. त्यांच्याकडे दिवसा दिवा दिसतोय का बघा, कुंडीतली रोपं बघा. दार वाजवा. आणि अशी दोन माणसं असतील, तर आधी त्याच्याकडे जा, ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे. दुसऱ्याची खबर कुणीतरी देईलच तुम्हाला.